पाठराखणीला कोण होतं?

परवा ५ नोव्हेंबर झाला. सांगलीकरांना ही तारीख समजावून सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून हा रंगभूमी दिन. आपण सगळ्यांनी फोटो टाकले, मीही टाकले. दरवर्षीची नावं दरवर्षीच्या क्रमानं घेतली गेली: भावे, हरिपूरचे देवल, आपले खाडिलकर. अभिमानाचीच नावं आहेत. पण यादी ऐकताना एक जुना शब्द डोक्यात आला आणि जाईचना. पाठराखीण.

आमच्या आज्यांच्या काळात लग्न होऊन मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी बाई जायची. ती काही फार करायची नाही. मुलीजवळ निजायची, तिला काय हवं-नको ते बघायची, कुणाला काय म्हणायचं ते कानात सांगायची आणि मुलगी जरा रुळली की परत यायची. घर परकं, माणसं परकी, तिथं आपलं एक माणूस. आता याला 'मेंटॉरिंग' म्हणतात, त्याच्या कार्यशाळा होतात. शब्द कुठलाही वापरा. माझा प्रश्न एवढाच आहे की नाटक लिहायला आणि बसवायला ज्या बायका निघाल्या, त्यांच्या पाठराखणीला कोण गेलं? आणि कुठपर्यंत गेलं?

हिराबाई पेडणेकरांपासून सुरुवात करते. मूळच्या सावंतवाडीच्या, नायकिणीच्या घरात जन्म, वाढल्या मुंबईत गिरगावात. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री नाटककारांपैकी एक, आणि पुष्कळ जण तर त्यांनाच पहिली मानतात. (सोनाबाई केरकरांचं 'छत्रपति संभाजी' १८९६ चं. त्यामुळे 'पहिली कोण' यावर वाद घालणाऱ्यांनी जरूर घालावा, मला त्यात रस नाही.) हिराबाई भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या. मासिकांत कविता लिहायच्या. विशीच्या आतच, १९०४ साली, 'जयद्रथ विडंबन' हे नाटक लिहून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या घरी बैठक भरायची. देवल यायचे, कोल्हटकर यायचे, गडकरी यायचे, मामा वरेरकर यायचे. म्हणजे त्या काळची निम्मी मराठी रंगभूमी त्या माडीवर बसून गेली.

यातले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे हिराबाईंचे गुरू. वऱ्हाडात वकिली करणारा हा माणूस एका नायकिणीच्या मुलीला लेखनाची बरोबरीची माणूस मानत होता, ही त्या काळात लहान गोष्ट नाही. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण कोल्हटकरांना गुरू मानणारा दुसरा एक शिष्यही त्याच माडीवर येत होता. राम गणेश गडकरी. जन्म १८८५ चा, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे. गुरू एक, बैठक एक, काळ एक. हिराबाईंचं 'दामिनी' १९१२ च्या सुमारास आलं, गडकऱ्यांचं 'प्रेमसंन्यास'ही त्याच सुमारास. दोघं अगदी एका रेषेवर उभे आहेत. पुढं काय झालं? गडकरी १९१९ साली गेले, तोवर त्यांची चार नाटकं पूर्ण झाली होती आणि दोन अर्धी राहिली होती. हिराबाई १९५१ पर्यंत जगल्या. 'दामिनी'नंतर रंगभूमीवर त्यांचं नवं नाटक आलं नाही.

चट्‌दिशी उत्तर येतं की गडकरी म्हणजे प्रतिभा! असेल. मी गडकऱ्यांची भक्त आहे, 'एकच प्याला'बद्दल कुणी वाकडं बोललं तर मी भांडते. पण प्रतिभा बाजूला ठेवून जरा दोघांचा दिनक्रम बघा. गडकरी ऐन तरुणपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. कंपनीतल्या मुलांना शिकवायचं काम केलं, दारावरसुद्धा उभे राहिले. म्हणजे रोज नाटक बघितलं. विंगेतून बघितलं, तालमीत बघितलं, प्रेक्षक कुठं खोकतो आणि कुठं गप्प होतो ते दारात उभं राहून बघितलं. नाटककाराचं कॉलेज ते हेच. हिराबाईंना यातलं काय मिळणार होतं? कंपन्या पुरुषांच्या, बाईची भूमिका करणारेही पुरुषच, आणि लिहिणारी बाई नायकिणीच्या घरातली. 'दामिनी' केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'नं रंगभूमीवर आणलं, हे मोठं काम. पण नाटक कंपनीकडं गेलं म्हणजे बाई कंपनीत गेली असं होत नाही. पाठराखीण उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच माघारी फिरली.

हिराबाईंनी नंतर मुंबई सोडली आणि गुहागरजवळ पालशेतला जाऊन राहिल्या. तिथंच त्यांचा शेवट झाला. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' लिहिलं, ते गाजलं. तिच्यावरचं नाटक आपल्या लक्षात राहिलं, तिनं लिहिलेलं किती जणांनी वाचलंय?

आता आपल्याच गावची एक गोष्ट, जरा न रुचणारी. खाडिलकर सांगलीचे. 'कीचकवध' लिहून साहेबाची झोप उडवणारा माणूस. त्याच माणसाचं १९०७ चं 'बायकांचे बंड' आहे. प्रमिलेचं स्त्रीराज्य, अर्जुन येतो आणि बंड मोडतं, असा मामला. याला उत्तर आलं ते जळगावच्या गिरिजाबाई केळकरांकडून, नाटकातूनच. नाव ठेवलं 'पुरुषांचे बंड'. साल १९१३. नुसत्या नावातच अर्धी लढाई जिंकली होती बाईनं! जळगावात त्यांनी भगिनी मंडळ काढलं, म्हणजे आपल्या पाठराखणीची सोय आपणच केली. १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरची पहिली बाई नाटककार होती, हे लक्षात ठेवा. कारण नंतर दुर्गाबाई खोटे, अलीकडे २०१५ ला फैय्याज, २०१८ ला कीर्तीताई शिलेदार अशा थोर बायका त्या खुर्चीत बसल्या, पण अभिनयाच्या आणि गाण्याच्या वाटेनं. लिहिणारीला ती खुर्ची किती वेळा मिळाली हे तुम्हीच मोजा.

मग विजयाबाई. इथं मला थोडं थांबायचंय, कारण पाठराखण म्हणजे काय हे मराठी नाटकात कुणी सगळ्यात चांगलं करून दाखवलं असेल तर ते विजयाबाई मेहतांनी. मुंबईत त्या इब्राहिम अल्काझींकडं शिकल्या आणि १९६० साली, पंचविशीतच, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, डॉ. लागू यांच्याबरोबर त्यांनी 'रंगायन' सुरू केलं. तेंडुलकरांचं 'मी जिंकलो मी हरलो' त्यांनी बसवलं. तो प्रयोग नागपुरात एका इंग्रजीच्या तरुण मास्तरानं बघितला आणि तिथंच ठरवलं की आपण नाटक लिहायचं. महेश एलकुंचवार. पुढं १९६७ ला 'सत्यकथे'त त्यांची 'सुलतान' ही एकांकिका छापून आली. विजयाबाईंनी ती वाचली, माणूस शोधला आणि त्याच्या एकांकिका 'रंगायन'मध्ये केल्या. १९८५ ला 'वाडा चिरेबंदी' आलं, तेही विजयाबाईंनीच बसवलं. मधली सतरा-अठरा वर्षं मोजा. एका नवख्या लेखकाच्या पहिल्या एकांकिकेपासून त्याच्या सगळ्यात मोठ्या नाटकापर्यंत एक दिग्दर्शिका त्याच्या आसपास आहे. त्याच्या कच्च्या लिखाणाला नट देते आहे, रंगमंच देते आहे, प्रेक्षक देते आहे.

आता यातली गंमत बघा, किंवा खंत म्हणा. तेंडुलकर, खानोलकर, एलकुंचवार, दळवी, अनिल बर्वे. विजयाबाईंच्या हातून जी नाटकं गाजली त्यांचे हे लेखक. सगळे पुरुष. मराठीतली सगळ्यात मोठी पाठराखीण बाई, आणि तिनं सासरी सोडून आलेले सगळे लेखक बाप्ये! यात विजयाबाईंना दोष द्यायचा माझा हेतू नाही. त्यांच्या टेबलावर जी संहिता यायची ती त्या करायच्या. प्रश्न टेबलाच्या आधीचा आहे. नागपूरच्या त्या मास्तराला नाटक संपल्यावर रात्री एकटं रस्त्यानं विचार करत घरी जाता आलं. 'सत्यकथे'ला लिखाण पाठवता आलं. त्याच वयाची, त्याच गावातली बाई त्या रात्री कुठं होती?

सुलभाताई देशपांड्यांचं काम वेगळ्या जातीचं. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांची नाटकं बसवायच्या आणि ती लिहून द्यायचे तेंडुलकर. पुढं अरविंदराव आणि त्यांनी १९७१ ला 'आविष्कार' काढली, १९७४ पासून त्याच छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू झाली, आणि 'चंद्रशाला'त लहान मुलांना घेऊन 'दुर्गा झाली गौरी' झालं. लोकांना सुलभाताई म्हणजे 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे आठवते. मला शाळेचा तो हॉल जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वस्त, गावाच्या मध्यात, स्टेशनजवळ, आणि शाळा असल्यामुळं घरचे 'कुठं जातेस' विचारायचे नाहीत. मुली तालमीला येतात की नाही हे बऱ्याचदा विचारसरणीवर नाही, हॉल कुठं आहे यावर ठरतं.

तमाशात तर आईकडून लेकीला सगळं मिळत आलंय. विठाबाई नारायणगावकरांचा स्वतःचा फड, लेक मंगला बनसोडे त्याच वाटेनं फडमालकीण. कांताबाई सातारकरांनीही फड चालवला. फड चालवणं म्हणजे नुसतं नाचणं नव्हे. गाड्या, तंबू, सुपारी, पन्नास माणसांचं जेवण, पोलीस आणि पाऊस. आपल्या शहरी नाट्यसंस्थांत असली सूत्रं बायकांच्या हाती यायला किती वर्षं गेली! पण वगाची वही? ती तिथंही बहुतेक पुरुषाच्याच हातची. नाच, गाणं, बोलणं, धंदा सगळं लेकीला मिळालं, लेखणी तेवढी राहिली.

लेखणी आणि प्रयोग दोन्ही एका बाईच्या हातात राहिले, आणि तिनं ते पुढच्या बाईला दिले, याचं माझ्या माहितीतलं ठसठशीत उदाहरण सुषमाताई देशपांड्यांचं. १९८९ चं 'व्हय, मी सावित्रीबाई'. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, उभं राहणं त्यांचं. नेपथ्य नाही, फौजफाटा नाही. शाळेत करा, देवळासमोर करा, वस्तीत करा. वर्षानुवर्षं स्वतः केल्यावर त्यांनी ते तरुण अभिनेत्रींकडून बसवून घेतलं. गाजलेली भूमिका जिवंतपणी दुसऱ्याच्या हवाली करणारे नट तुम्ही किती बघितलेत? आणि याच सुषमाताईंनी आपल्या सांगलीत 'व्हॅम्प'च्या, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांबरोबर नाटक उभं केलं. शरीरविक्रय करणाऱ्या बायका स्वतः रंगमंचावर येऊन आपल्या आयुष्याचं बोलल्या. आपण त्यांच्यावर नाटकं खूप बघितली होती, त्यांचं बघितलं नव्हतं. रंगभूमी दिनाच्या भाषणात सांगलीच्या नाट्यपरंपरेत याचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही. व्हायला हवा.

हाच धागा पकडून एक अवघड गोष्ट बोलते. जे स्वतःला बाई किंवा पुरुष या दोन्ही चौकटींत बसवत नाहीत, त्यांचं काय? आपल्याकडं लगेच बालगंधर्वांचं नाव पुढं करतात. 'आमची परंपरा बघा किती उदार!' बालगंधर्व थोरच. पण पुरुषानं बाईची भूमिका करणं ही त्या काळच्या नाटकाची गरज होती, ती आणि एखाद्या माणसाची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तमाशातल्या नाच्याला तर आपण फक्त हसलो. नाही म्हणायला चांगली नाटकं आली. आळेकरांचं 'बेगम बर्वे', तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', चेतन दातारांचं 'एक माधवबाग'. यातल्या पहिल्या दोन नाटकांना आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. त्यांनी मराठी प्रेक्षकाला खुर्चीत चुळबुळ करायला लावलं, हे त्यांचं देणं. पण अशा माणसानं स्वतः लिहावं, स्वतः बसवावं, यासाठी आपल्या जिल्ह्यात काय सोय आहे? स्पर्धेच्या फॉर्मवर अजून 'अभिनय – पुरुष' आणि 'अभिनय – स्त्री' असे दोन रकाने असतात. एका स्पर्धेच्या वेळी एका गुणी कलाकारानं मला शांतपणे विचारलं, "ताई, मी कुठं लिहू?" आयोजकांना विचारलं तर ते म्हणाले, दिसतंय तसं लिहा. त्या कलाकारानं फॉर्म दुमडून खिशात घातला आणि वर्षभर प्रकाशयोजनाच केली. प्रकाशयोजनेला रकाने नसतात.

मी गेली पंचवीस-तीस वर्षं हौशी नाटकाच्या मागच्या बाजूला आहे. प्रॉम्प्टिंग केलं, कपडे शिवले, आता गेली काही वर्षं एकांकिकांच्या संहिता वाचते. मुली लिहीत नाहीत हे साफ खोटं आहे. चांगलं लिहितात. अगदी ताजी गोष्ट सांगते, नाव-गाव वगळून. तालुक्याच्या गावातून शिकायला आलेली मुलगी. ऊसतोडीला गेलेल्या आईची एकांकिका लिहिली, मी वाचताना दोनदा चष्मा पुसला. कॉलेजनं बसवायला घेतली, दिग्दर्शक वर्गातलाच मुलगा. तालमी कधी? रात्री नऊला, कारण हॉल तेव्हा फुकट आणि मुलं तेव्हा मोकळी. होस्टेलचं दार आठला बंद. ती एकाही रात्रीच्या तालमीला जाऊ शकली नाही. स्पर्धेत तिनं स्वतःची एकांकिका बघितली तेव्हा शेवट बदललेला होता. आई परत येत नाही असं तिनं लिहिलं होतं, प्रयोगात आई टाळ्यांच्या गजरात परत आली. लेखनाचं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. दुसरं काही लिहिलंस का विचारलं तर म्हणाली, "बघू मॅडम, आता स्पर्धा परीक्षेचं चालू केलंय."

हिराबाईंची 'दामिनी' आणि ही पोर, मध्ये शंभरच्या वर वर्षं गेलीत.

म्हणूनच मला पहिल्या संहितेच्या बक्षिसांचं फार कौतुक उरलेलं नाही. बक्षीस पहिल्या लिखाणाला मिळतं, लेखक घडतो दुसऱ्या-तिसऱ्याला. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये एलीस डॉजसन नावाच्या बाई होत्या, २०१८ ला गेल्या. १९९६ ला त्यांनी तिथला आंतरराष्ट्रीय विभाग सुरू केला. मुंबईच्या 'रेज' या संस्थेबरोबर त्यांच्या 'रायटर्स ब्लॉक' कार्यशाळा व्हायच्या. पद्धत साधी होती. लेखकानं आपल्या भाषेत लिहायचं, मसुदा घेऊन बसायचं, नट तो मोठ्यानं वाचणार, लेखक ऐकणार, घरी जाऊन पुन्हा लिहिणार, काही महिन्यांनी पुन्हा भेट. शेवटी नाटक प्रत्यक्ष उभं राहणार. 'असं लिही' कुणी सांगायचं नाही, 'तुला इथं काय म्हणायचंय' एवढं विचारायचं. याला साहेबाच्या गावाला जायची गरज नाही. चार नट, एक खोली, चहा, आणि एक जाणतं माणूस जे वर्षभर तिथंच राहील. मनस्विनी लता रवींद्र यांचं 'अमर फोटो स्टुडिओ' व्यावसायिक रंगभूमीवर हाऊसफुल्ल चालताना बघितलंय आपण. तेव्हा 'बाईचं नाटक चालत नाही' ही सबब आता कुणी देऊ नये.

तर आता कामाचं बोलते. आपल्याकडं महापालिकेच्या शाळा संध्याकाळी पाचनंतर रिकाम्या असतात. त्यातला एक हॉल आठवड्यातून दोन दिवस, साडेपाच ते साडेसात, तालमीसाठी मिळावा म्हणून अर्ज करतोय. साडेसातच का, ते वरच्या होस्टेलच्या दारावरून कळलं असेलच. शिवाय तालुक्याला जाणाऱ्या शेवटच्या एसटीचाही हिशेब आहे. ज्यांच्या वॉर्डातले नगरसेवक ऐकणारे आहेत त्यांनी त्यांच्या कानावर घालावं. दुसरं, इथल्या स्पर्धांच्या आयोजकांना माझी जाहीर विनंती: लेखिकेच्या लेखी परवानगीशिवाय संहितेचा शेवट बदलला तर प्रवेशिका बाद, एवढा एक नियम घाला. लेखक कुणीही असो, त्याला तो लागू असू द्या. आणि अभिनयाचं बक्षीस रकाने न पाडता दोघांना द्या, तीन जणांना द्या, पैसे तेवढेच लागतात.

तिसरं, जाणत्या मंडळींसाठी. गावात निवृत्त दिग्दर्शक, नट, लेखक भरपूर आहेत आणि सल्लेही भरपूर आहेत. मला सल्ले नकोत. एका मुलीचं किंवा अशा एखाद्या लेखकाचं दुसरं नाटक उभं राहीपर्यंत सोबत बसणारी पाच माणसं हवीत. दोन जणींनी हो म्हटलंय, एक 'विचार करतो' म्हणालेत. त्या ऊसतोडीवाल्या एकांकिकेचं वाचन येत्या पंधरा दिवसांत करायचं आहे, तिच्या मूळ शेवटासकट. तिनं यायचं कबूल केलंय. हॉल मिळाला नाही तर आमच्या गच्चीवर.